मोतीबिंदूच्या वाटेवरची काच

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची पट्टी काढली त्या सकाळी मामाजींना पेपरातला मथळासुद्धा वाचता येईना. सगळं दुधात बुडवल्यासारखं. "आधी यापेक्षा बरं दिसत होतं बाप्पा," एवढं बोलून माझे सासरे गप्प झाले. आमच्या नागपूरच्या महाल भागात निदानं फुकट मिळतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आतलं भिंग हललं असन." दुपारी डॉक्टरांनी यंत्राला हनुवटी टेकवायला लावून डोळा पाहिला आणि म्हणाले, "भिंग जागच्या जागी आहे. कॉर्निया सुजलाय. थेंब सुरू ठेवा, आठ-दहा दिवसांत निवळेल."

ऑपरेशन भिंगाचं आणि सूज कॉर्नियाला, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. मग बरंच वाचलं, डॉक्टरांनाही पिडलं.

आधी नावाचा घोळ निस्तरू. आपण 'डोळ्याचा पडदा' म्हणतो तो मागचा, प्रतिमा उमटते तो. कॉर्निया सगळ्यांत पुढे असतो, घड्याळावर काच असते तसा. त्याच्या मागे जेमतेम तीन मिलिमीटर खोलीची, पाण्याने भरलेली जागा, मग बुबुळ, आणि बुबुळामागे भिंग. मोतीबिंदू होतो तो या भिंगात. पण तिथवर पोचायला रस्ता एकच, पुढच्या काचेच्या कडेला छेद देऊन. सगळी हत्यारं त्या तीन मिलिमीटरच्या खोलीत चालतात आणि खोलीचं छत म्हणजे कॉर्नियाची आतली बाजू.

हे छत फार नाजूक आहे. कॉर्निया मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर जाड असतो आणि त्यातला बहुतेक भाग कोलॅजनच्या अतिबारीक तंतूंचा. हे तंतू एकसारख्या अंतरावर रचलेले असतात, म्हणून प्रकाश न विखुरता आरपार जातो. पण हा थर पाण्याचा भुकेला. भिजवलेल्या पोह्यांसारखा तो फुगायलाच बसलेला असतो, आणि फुगला की तंतूंची रचना विस्कटते, काच धुरकट होते. त्याला कोरडा ठेवायचं काम आतल्या बाजूचा पेशींचा एकच थर करतो, एंडोथेलियम. षट्कोनी पेशी, एकीला एक चिकटून. तळघरात पाणी झिरपत असावं आणि वर अखंड मोटर चालू असावी, तसा हा थर रात्रंदिवस पाणी उपसत असतो.

गोम अशी की माणसाच्या डोळ्यात या पेशी मेल्या तर त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. तरुणपणी एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण 3000 असतात. वयानुसार दरवर्षी अर्ध्या टक्क्याहून थोड्या जास्त गळतात. शेजारच्या पेशी पसरून, आकाराने मोठ्या होऊन रिकामी जागा झाकतात. शिल्लक भरपूर असेपर्यंत काही कळत नाही. आकडा 500 च्या आसपास उतरला की मोटर थकते आणि काच कायमची धुरकटू लागते.

मोतीबिंदूचं ऑपरेशन या शिल्लकीतून थोडी रक्कम काढतंच, कितीही कसबी हात असला तरी. लोक ज्याला 'लेझरचं ऑपरेशन' म्हणतात ते बहुतेक वेळा लेझरचं नसतंच. ते फेको. सुईसारखं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, भिंगाचा चुरा करतं आणि चुरा ओढून घेतं. 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी हे सुरू केलं. दातांवरचं किटण काढायचं कंपनयंत्र दंतवैद्याकडे पाहून त्यांना ते सुचलं होतं. पण भिंगाचे तुकडे उडून छतावर आपटतात, सोडलेलं पाणी आतून वाहत राहतं, टोक तापतं. या सगळ्याची झळ एंडोथेलियमला बसते.

म्हणून छताला लेप देतात. आत एक घट्ट, पारदर्शक जेल भरतात. ते पेशी आणि हत्यारं यांच्यामध्ये गादीसारखं राहतं. 1980 च्या सुमारास हे जेल बाजारात आलं तेव्हा ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत. (हे मामाजींना सांगितलं नाही, ते माळकरी आहेत.) आपल्याकडे स्वस्तातलं मिथाइलसेल्युलोजचं जेलही खूप वापरतात.

आता आपल्या आवडत्या सल्ल्याकडे येते, 'पिकू द्या'. एके काळी यात तथ्य होतं. आत बसवायचं कृत्रिम भिंग नव्हतं, ऑपरेशननंतर जाड भिंगाचा चष्मा नशिबी यायचा, त्यामुळे अगदी अडेपर्यंत थांबत. आज उलटं आहे. मोतीबिंदू जितका पिकेल तितकं भिंग कडक, तपकिरी होतं. ते फोडायला जास्त वेळ, जास्त ताकद लागते, आणि पेशी जास्त मरतात. नागपुरात यात आणखी एक भर पडते. मे महिन्यात पारा 45 च्या वर, मग 'उन्हाळ्यात नको'. पावसात 'डोळ्यात पू होईल', दिवाळीनंतर लग्नं, आणि लग्नं उरकेस्तोवर पुन्हा कूलर लागलेले. मामाजींची दोन वर्षं अशीच गेली. त्यांचा कॉर्निया सुजला त्यामागे हे थांबणंही होतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. फारच कडक भिंग असेल तर सर्जन ते न फोडता, सहा-सात मिलिमीटरच्या बोगद्यासारख्या छेदातून अख्खं काढतात. आपल्याकडच्या शिबिरांत रुळलेली हीच पद्धत. तिला जुनाट समजण्याचं कारण नाही. कडक मोतीबिंदूला ती पुष्कळदा अधिक शहाणपणाची.

छेदाचा दुसरा परिणाम आकारावर होतो. डोळ्याची वाकवण्याची ताकद दोन तृतीयांश कॉर्नियातच असते, भिंगात नव्हे. कडेला छेद दिला की त्या दिशेने गोलाई जरा सपाट होते, टाका ओढून घातला तर उलट ताणली जाते, आणि चष्म्याला तिरपा नंबर, म्हणजे एका दिशेपुरता नंबर, येतो. दहा-बारा मिलिमीटरच्या छेदांच्या काळात तो भलताच यायचा. आता फेकोत छेद अडीच मिलिमीटरच्या आसपास, बिनटाक्याचा. त्याचे दोन ओठ डोळ्यातल्या दाबानेच मिटून बसतात. नंबर येतो तो किरकोळ.

छेदात बारीक नसाही कापल्या जातात. मग डोळा महिना-दोन महिने खुपतो, वाळू गेल्यासारखा वाटतो. तक्रार भिंगाची नसते, कोरडेपणाची असते.

आणि मोटर खरोखरच बंद पडली तर? काहींच्या पेशी आधीपासूनच कमकुवत असतात. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट फुक्स यांनी 1910 मध्ये वर्णन केलेला आजार त्यांच्या नावाने ओळखतात. अशांना सकाळी उठल्यावर धूसर दिसतं आणि दुपारपर्यंत निवळतं, कारण मिटलेल्या पापण्यांआड रात्रभर पाणी उडून जात नाही. काही डॉक्टर त्यांना हेअर ड्रायरची हवा हातभर अंतरावरून घ्यायला सांगतात. ऑपरेशनआधी ही सकाळची खूण डॉक्टरांच्या कानावर घालावी; जेल, यंत्राची ताकद, सगळं त्यावर ठरतं. सूज कायमचीच झाली तर हल्ली अख्खा कॉर्निया बदलायची गरज पुष्कळदा पडत नाही. नेत्रदानातून मिळालेला तो आतला थर तेवढा गुंडाळून आत सोडतात आणि हवेच्या बुडबुड्याने छताला टेकवतात. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं ते याच पेशींसाठी.

मामाजींची सूज नवव्या दिवशी उतरली. पेपर तर सोडाच, पंचांगातली बारीक टीपही वाचून दाखवली. दुसऱ्या डोळ्याआधी डॉक्टरांनी पेशींचा फोटो काढला. करड्या रंगाचं षट्कोनी जाळं, कोपऱ्यात आकडा. मामाजींनी कागद लांब धरून पाहिला.

"हे तं मधमाशीचं पोळं आहे. यातल्या माशा किती उडाल्या म्हणता?"

"न केलेल्या डोळ्यात 2480 आहेत. केलेल्यात थोड्या कमी, पण तुम्हाला जन्मभर पुरतील," डॉक्टर म्हणाले. "हा मात्र पिकवत बसू नका, काका."

तारीख एप्रिलची मिळाली. घरात सगळ्यांनी उन्हाचं कारण काढलं. डॉक्टरांची अट एकच होती, कूलरचा झोत थेट तोंडावर नको. त्या संध्याकाळी मामाजींनी, कोणाला हाक न मारता, आपली खाट खिडकीपासून ओढून भिंतीला लावली.