थकवा वेगळा, ताकद जाणं वेगळं, दोघांनाही 'वीकनेस' म्हणणं बास झालं

आपल्याकडे 'वीकनेस आलाय' म्हटलं की त्यात काहीही बसतं. तापातून उठल्यावर अंग गळालं, वीकनेस. उपास झेपला नाही, वीकनेस. आणि आजोबांच्या उजव्या हातातनं चहाचा कप निसटला तरी घरातलं कुणीतरी म्हणतंच, वीकनेस असेल, वय झालं, जरा पडू दे त्यांना. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण त्या कपाचा आणि उपासाचा काडीचा संबंध नाहीये.

थकवा म्हणजे काय ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. त्राण नसतं, जिना चढला की बसावंसं वाटतं. हिमोग्लोबिन कमी (बायकांमध्ये १२ च्या खाली, पुरुषांमध्ये १३ च्या खाली), थायरॉईड, बी१२, शुगर, झोप नाही, अशी ढीगभर कारणं. बऱ्याचदा रक्त तपासलं की कळतं आणि ते उद्या तपासलं तरी चालतं.

ताकद जाणं म्हणजे मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचतच नाही, नाहीतर पोचतो पण स्नायू तो पाळू शकत नाही. ओळखायचं कसं, तर एकदा तरी जमतंय का ते बघायचं. थकलेला माणूस कुरकुर करेल पण उठेल, हात वर कर म्हटलं तर करेल, दहाव्यांदा सांगितलं तर वैतागेल. ताकद गेलेल्याला पहिल्याच वेळी जमत नाही, कितीही जोर लावू दे. म्हणून 'कसं वाटतंय' विचारण्यात अर्थ नाही, 'काय करता येत नाहीये' ते विचारा. उकिडवं बसून हात न टेकता उठता येतं का, वेणी घालताना हात डोक्यापर्यंत जातो का, शर्टाचं बटण लागतं का. चालताना चप्पल निसटते म्हणतात ना, त्यातही बघा, निसटलेली कळतच नाही तर तो बधिरपणा, कळतंय पण पाऊल वर उचललं जात नाही तर ताकद गेलीये. डॉक्टर ताकदीला ० ते ५ मार्क देतात. ३ म्हणजे हात स्वतःहून वर उचलला जातो, पण कुणी जरा दाबला की लगेच खाली येतो. एक आजार इथे फसवतो, मायस्थेनिया, त्यात सकाळी सगळं ठीक आणि वापरून वापरून संध्याकाळी पापणी खाली येते, एकाची दोन दिसतात, त्याला दमणूक समजू नका.

मग बघायचं किती पटकन झालं आणि कुठल्या बाजूला. अचानक, एकाच बाजूचा हात-पाय, तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय, म्हणजे पक्षाघात धरूनच चाला आणि १०८ ला फोन करा. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात, आणि आधी सीटी स्कॅन करावा लागतो तो वेळही त्यातच जातो. 'जरा पडू दे' मध्ये दुपार गेली की ते इंजेक्शनही गेलं. आणि प्लीज तोंडात साखरपाणी ओतू नका, गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं.

दोन्ही पायांपासून सुरू होऊन वर वर चढणारी, काही दिवसांतच वाढणारी कमजोरी, आधी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेलेला, तर तो गिया-बारे म्हणजे जीबीएस हा नसांचा आजार असू शकतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या भागात पेशंट वाढले तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. छातीच्या स्नायूंपर्यंत गेलं तर व्हेंटिलेटर लागतो, तिथे टॉनिकची बाटली काय करणार?

आणि ते सलाईन! 'अशक्तपणा आहे, एक बाटली लावा' हा हट्ट पेशंटच धरतात. ५०० मिलीच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी, ताकद येईल असं त्यात काहीच नाही. ग्लुकोजच्या ५ टक्केवाल्या बाटलीत २५ ग्रॅम साखर, म्हणजे शंभरेक कॅलरी. जुलाब-उलट्यांनी पाणी गेलं असेल तर सलाईन जीव वाचवतं, त्याबद्दल वादच नाही. पण हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईला बाटली लावून घरी पाठवणं मला अजिबात पटत नाही, तिला लोह हवंय आणि ते कमी का झालं ते शोधायला हवंय.

डॉक्टरांकडे गेल्यावर वीकनेस हा शब्दच काढू नका. 'परवापासून जिना उतरताना उजवा गुडघा एकदम वाकतो' किंवा 'महिनाभर दुपारनंतर काही करावंसंच वाटत नाही, पण ठरवलं तर होतं', एवढं सांगितलंत तरी त्यांना पुढे काय तपासायचं ते कळतं.