छंदाचे पैसे मिळू लागले की मेंदूत काय होतं?

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात सात रस्त्यापासून नवी पेठेपर्यंत करिअर मार्गदर्शनाचे फ्लेक्स झळकतात. यंदा एकावर लिहिलं होतं, 'आवडीलाच करिअर बनवा, मग आयुष्यात एक दिवसही काम करावं लागणार नाही!' सिग्नलला थांबून ते वाचताना मला माझी भाची आठवली.

ती आठवीपासून मेंदी काढते. गल्लीतल्या एकाही मुलीचा हात तिने कोरा ठेवला नव्हता. पुढे लग्नसराईत ऑर्डरी घेऊ लागली, हाताचा दर ठरला, गेल्या वर्षी स्वतःच्या पैशांनी स्कूटी घेतली. मग एकदा म्हणाली, "मामा, पैसे चांगले मिळतात. पण पूर्वी रिकामी बसले तरी वहीच्या मागच्या पानावर वेलबुट्टी काढायचे. आता सुट्टीच्या दिवशी मेंदीच्या कोनाकडे बघवत नाही." तिच्या आईच्या मते पोरगी आळसावली. मला ते पटलं नाही, कारण हा 'आळस' विज्ञानाने पन्नास वर्षांपूर्वीच पकडलेला आहे.

१९७३ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मनापासून आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, नंतर दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसती ठेवून दिली आणि कोण किती वेळ रमतं ते पाहिलं. बक्षीस ठरवून मिळवलेली मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र जशीच्या तशी होती. प्रशस्तिपत्र एकच होतं. फरक होता तो फक्त ते आधी अपेक्षित असण्याचा.

हा 'अपेक्षित' शब्द घेऊन मेंदूत उतरू. मला या विषयात सगळ्यांत सुंदर वाटणारी गोष्ट तिथे आहे.

मध्यमेंदूत काळपट रंगाचा एक पट्टा असतो. त्याचं नाव सब्स्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे लॅटिनमध्ये 'काळा पदार्थ'. तिथल्या आणि त्याच्या शेजारच्या काही लाख पेशी डोपामिन हे रसायन सोडतात. मेंदूत एकूण सुमारे ८६ अब्ज चेतापेशी. म्हणजे क्विंटलभर ज्वारीच्या पोत्यात या पेशी विसेक दाण्यांएवढ्या! डोपामिनला रील्समध्ये 'आनंदाचं रसायन' म्हणतात, ते चूक आहे. ज्यांचं डोपामिन जवळजवळ संपवलं आहे असे उंदीरही जिभेवर गोड पाणी पडलं की मिटक्या मारतात. फक्त समोरच्या अन्नापर्यंत ते उठून जात नाहीत. आनंद शाबूत राहतो, ओढ जाते.

मग या पेशी नेमकं काय सांगतात? वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या मेंदूत अतिशय बारीक विद्युत्तारा घालून एकेका पेशीचे स्पंद मोजले. एरवी या पेशी सेकंदाला चार-पाच स्पंद देत निवांत असतात. माकडाच्या तोंडात अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब पडला की त्या जोरात तडतडतात. आता आधी दिवा लावायचा आणि मग रस द्यायचा, असं पुन्हा पुन्हा करा. माकड शिकलं की तडतड दिव्याला होते आणि रसाला काहीच होत नाही. थेंब तोच, गोडी तीच, पेशी गप्प. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी स्पंद नेहमीच्या पातळीच्याही खाली जातात.

शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी १९९७ साली याचा अर्थ लावला: या पेशी बक्षीस मोजतच नाहीत, त्या वजाबाकी करतात. जे मिळालं त्यातून जे अपेक्षित होतं ते वजा. उरतं त्याला 'अपेक्षेची चूक' म्हणू. ही चूक पुढची अपेक्षा सुधारायला वापरली जाते:

नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + शिकण्याचा वेग × चूक

शिकण्याचा वेग ०.२ धरा आणि दर वेळी १० गुण मिळतात असं माना. पहिल्या वेळी अपेक्षा ०, चूक १०. दुसऱ्या वेळी अपेक्षा २, चूक ८. मग ६.४, मग ५.१२. अकराव्या वेळी चूक जेमतेम १ उरते. मोबदला एका पैनेही घटलेला नाही, तरी मेंदूतला खणखणाट विरून गेला. गंमत म्हणजे हेच गणित सटन आणि बार्टो यांनी संगणकाला शिकवण्यासाठी आधीच मांडलं होतं. त्यात चूक एका क्षणाकडून त्याच्या आधीच्या क्षणाकडे सरकत जाते, म्हणून तडतड रसाकडून दिव्याकडे जाते. दिव्याआधी घंटा वाजवली तर ती घंटेकडे जाईल.

आता मेंदीकडे येऊ. हा पुढचा दुवा मी जोडतो आहे, पण मला तो नीट बसलेला वाटतो. वहीच्या मागच्या पानावर वेल कुठे वळेल हे भाचीला स्वतःलाही ठाऊक नसायचं. प्रत्येक वळण म्हणजे छोटी, अधिक बाजूची चूक, म्हणजे अपेक्षेपेक्षा थोडं जास्त. ऑर्डरीत नवरी मोबाइलवर फोटो दाखवते, "अगदी अशीच काढ." वेल कुठे वळणार ते ठरलेलं, दरही ठरलेला. चूक शून्य. त्यात भर म्हणजे कोन हातात घेतला की पैसे येतात हे मेंदू शिकून बसला आहे. त्यामुळे सुट्टीत फुकट काढलेल्या वेलीला शून्य नाही, उणे गुण पडतात. दिवा लागला, रस आला नाही.

२०१० साली मुरायामा आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनरमध्ये याच्या जवळ जाणारं काहीतरी पाहिलं. खेळ साधा: स्टॉपवॉच बरोबर पाच सेकंदांवर थांबवायचं. यशाबद्दल पैसे दिलेल्या गटाचे पैसे बंद केल्यावर, डोपामिनचा संदेश जिथे पोचतो त्या स्ट्रायटममधली हालचाल मंदावली. मोकळ्या वेळात हा गट तो खेळ कमी खेळला. पैसे कधीच न मिळालेला गट मात्र रमलेलाच होता.

पैसा वाईट, असा याचा अर्थ काढू नये. घर चालवायला तो लागतोच. डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १९९९ साली १२८ प्रयोग एकत्र तपासले. अमुक केलंस तर तमुक मिळेल, असं आधी ठरवून दिलेलं बक्षीस आवडीला मारक ठरतं, मनापासूनची शाबासकी मात्र आवड वाढवते. भाचीने हल्ली ऑर्डरी थोड्या कमी केल्या आहेत. नवरीला आधीच सांगते, एक तळवा तुझ्या फोटोसारखा, दुसरा माझ्या मनासारखा.

इथे एका गोष्टीवर बोलल्याशिवाय राहवत नाही. बोटांच्या ठशांवरून मुलाची 'जन्मजात आवड' सांगणाऱ्या चाचण्या आपल्याकडे हजारो रुपयांना विकल्या जातात. आमच्याच नात्यात एकाने मुलाचे दहा ठसे देऊन रंगीत तक्त्यांची फाइल आणली. बोटांवरच्या रेषा गर्भात, साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात उमटतात. त्वचेतली काही प्रथिनं लाटांसारखी पसरून एकमेकांना चालना देतात आणि अडवतात, त्यातून त्या घडतात. मुलाला गाणं आवडेल की गणित, हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. हस्तरेषा पाहणाऱ्या ज्योतिषाला संगणक आणि प्रिंटर दिला की ही चाचणी तयार होते. आणि तिचं खरं नुकसान पैशांपलीकडचं आहे. आवड आत तयारच असते, फक्त शोधायची, असं ती मुलाच्या मनावर ठसवते. २०१८ साली ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन यांनी दाखवलं की असं मानणाऱ्या विद्यार्थ्यांना नव्या विषयातला पहिला कठीण लेख समोर आला की त्यांचा उत्साह जास्त ओसरतो. आवड वाढवत न्यावी लागते असं मानणारे जास्त टिकतात.

आमच्या ओळखीचे एक अण्णा पूर्व भागात चादरींची डिझाइनं करतात. चाळीस वर्षं झाली. पगार महिन्याचा, डिझाइनवर मोजून नाही, आणि रंगांच्या बाबतीत मालक त्यांना अडवत नाहीत. मागावर नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड यंत्राची कल्पना १८०४ च्या सुमाराची, फ्रान्समधली: पुठ्ठ्याच्या पट्टीत जिथे भोक, तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. अण्णा आजही आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरतात, कॉम्प्युटर नंतर. एक चौकोन म्हणजे ताणा आणि बाणा यांची एक गाठभेट. कागदावर सगळं ठरलेलं असतं. पण लाल धाग्याशेजारी हिरवा आला की लांबून तिसराच रंग दिसतो, आणि सोलापुरी चादर दोन्ही बाजूंनी वापरायची असल्याने पाठीवर रंग उलटतात.

परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा नव्या मोराची पहिली चादर मागावरून उतरत होती. खटखटाटात बोलणं ऐकू येत नव्हतं. अण्णांनी चहाचा कप खिडकीत ठेवला, कोपरा धरून चादर उलटी केली आणि उजेडाकडे नेली. पाठीवर मोराची मान पुढच्यापेक्षा देखणी आली होती, जांभळ्याकडे झुकणारी.

माग थांबल्यावर मी विचारलं, "अण्णा, हे ठरवलं होतं तुम्ही?"

"नाही सर," ते मानेवरून बोट फिरवत म्हणाले. "तेच बघायला तर थांबलो होतो."