वाढत्या अंगाचं, पण कुठे?

‘मुलांचे कपडे दोन मापं मोठेच शिवावेत, पुढे पुरतात.’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा सल्ला अर्धाच खरा आहे. वयाच्या दोन वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण ५ ते ७ सेंमी उंच होतं. छाती-कंबर त्यामानाने फारच कमी वाढते. म्हणजे वाढ हवी ती लांबीत. खांदा आणि गळा मापातच ठेवा. गळा सैल झाला की फ्रॉक सारखा खांद्यावरून घसरतो, मूल एका हाताने तो सावरत खेळतं आणि दुसऱ्या दिवशी घालायलाच नकार देतं. (हट्टी म्हणून बोलणी मात्र त्यालाच!) खाली ४-५ सेंमी कापड आत दुमडून हातशिलाई घाला, उसवायला सोपी. कमरेला इलॅस्टिक. कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर आटेल.