शौलाच्या घरातला बआल

योनाथान हे नाव मराठीत आणायचं तर ‘देवदत्त’ म्हणावं लागेल. ‘यो’ म्हणजे यहोवा, इस्रायली लोकांचा देव; ‘नाथान’ म्हणजे त्याने दिलं. बायबलच्या १ इतिहास या पुस्तकात, आठव्या अध्यायातल्या वंशावळीत, इस्रायलचा पहिला राजा शौल याची चार मुलं ओळीने येतात. पहिला योनाथान. चौथा एश्बाल, म्हणजे ‘बआलचा माणूस’.

एका भावाच्या नावात यहोवा, दुसऱ्याच्या नावात बआल! बआल हा कनानी लोकांचा वादळपावसाचा देव. संदेष्टे त्याच्यावर सतत तुटून पडलेले. मग राजाच्या घरात हे नाव कसं आलं? ‘बआल’चा साधा अर्थ मालक, धनी. हिब्रूत नवऱ्यालाही बआल म्हणतात. आपल्याकडच्या बायका ‘आमचे धनी’ म्हणत, तसंच. एके काळी लोक यहोवालाही हाच शब्द लावत असावेत. शौलानंतरच्या दाविद राजाच्या एका योद्ध्याच्या नावाची, बअल्याची, फोडच ‘यहोवा हाच धनी’ अशी होते.

पुढे काळ बदलला. बायबलच्याच २ शमुवेल या पुस्तकात एश्बालचा ईश-बोशेथ होतो. ‘बोशेथ’ म्हणजे लाज. पुढच्या लेखनिकांना बआल हा शब्द लिहवेना, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या पुतण्याचं, योनाथानच्या मुलाचंही तेच झालं: वंशावळीत मरीब-बाल, कथेत मफीबोशेथ. कथा पुन्हा पुन्हा वाचल्या जायच्या, म्हणून त्यांतली नावं बदलली असावीत. रुक्ष याद्यांकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नसावं. मला या कंटाळवाण्या याद्या आवडतात त्या यासाठीच.

२०१२ साली जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला, खिर्बेत कैयाफा इथल्या उत्खननात एका रांजणाची शेकडो खापरं मिळाली. ती जुळवली तेव्हा खांद्यावर अक्षरं दिसली, भट्टीत जाण्याआधी ओल्या मातीत कोरलेली: ‘एश्बाल बेन बेदा’, बेदाचा मुलगा एश्बाल. हा राजपुत्र नव्हे, दुसराच कुणी. पण रांजण इ. स. पू. १००० च्या आसपासचा, म्हणजे परंपरेने शौल-दाविदाचा मानलेला काळ. नाव खरोखर वापरात होतं. उत्तरेकडच्या शोमरोनात (सामरियात) १९१० मध्ये सापडलेल्या, इ. स. पू. आठव्या शतकातल्या खापरांवरही यहोवाची आणि बआलची नावं शेजारीशेजारी आहेत.

काही नावं तर परक्या भाषेतून आली. मोशे हे बहुधा इजिप्तचं, ‘जन्मलेला’ या अर्थाचं. इजिप्तचा राजा थुटमोस याच्या नावातलं ‘मोस’ तेच. जरुब्बाबेल म्हणजे ‘बाबेलचं (बाबिलोनचं) बीज’, आणि तो दाविदाच्या वंशातला!

कोकणातल्या बेने इस्रायलांकडे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंकडे, हीच नावं मराठी वळणावर गेली. अब्राहामचा अबाजी झाला, शमुवेलचा सामाजी, बिन्यामीनचा बनाजी. आडनाव मात्र गावावरून: पेणकर, रोहेकर, किहिमकर.