शत्रूची बाहुली: जपान आणि अमेरिका यांच्या नात्याची पार्श्वभूमी

२ सप्टेंबर १९४५ रोजी टोकियोच्या उपसागरात 'मिसुरी' या युद्धनौकेवर जपानच्या प्रतिनिधींनी शरणागतीच्या कागदांवर सह्या केल्या. तिथे काचेच्या चौकटीत एक जुना, विरलेला अमेरिकी झेंडा लावला होता. त्यावर तारे होते फक्त ३१. कमोडोर मॅथ्यू पेरी यांच्या आरमाराचा हा ९२ वर्षांपूर्वीचा झेंडा त्या दिवसासाठी मुद्दाम अमेरिकेतून मागवला होता. शरणागती स्वीकारणारे अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर यांनी भाषणातही पेरींची आठवण काढली. समोर उभ्या असलेल्या जपान्यांना त्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पेरी ८ जुलै १८५३ ला चार जहाजे घेऊन उरागाला आले होते. दोनशेहून अधिक वर्षे युरोपीयांपैकी फक्त डचांना, तेही नागासाकीतल्या एका चिमुकल्या बेटापुरते, येऊ देणाऱ्या देशाच्या दारात धूर ओकणारी जहाजे उभी राहिली. जपानी आजही त्यांना 'काळी जहाजे' म्हणतात. अमेरिकेला कोळसा, पाणी, व्यापार आणि देवमाशांची शिकार करणाऱ्या आपल्या खलाशांसाठी आसरा हवा होता. मागणी विनंतीच्या भाषेत होती, पण सोबत तोफा होत्या. १८५४ च्या तहाने शिमोदा आणि हाकोदाते ही बंदरे उघडली. १८५८ च्या तहाने जपानच्या भूमीवर गुन्हा करणाऱ्या अमेरिकी माणसाचा न्याय अमेरिकी वकिलातीकडे गेला आणि जकातीचे दर ठरवण्याचा हक्कही जपानच्या हातून सुटला. तो पूर्णपणे परत मिळायला १९११ साल उजाडले.

तरी सुरुवात नुसती तोफांची नव्हती. १८४१ मध्ये वादळात सापडून एका ओसाड बेटावर अडकलेल्या मांजिरो या १४ वर्षांच्या कोळ्याच्या पोराला अमेरिकी जहाजाने वाचवले. कप्तान व्हिटफील्ड यांनी त्याला मॅसॅच्युसेट्समध्ये आपल्या घरी नेले, शाळेत घातले. दहा वर्षांनी तो मायदेशी परतला, आणि पेरी आल्यावर अमेरिका म्हणजे काय हे सांगू शकणारा माणूस म्हणून सरकारला त्याचीच आठवण झाली.

जपान्यांच्या मनावर खोल ओरखडा उठला तो पुढे, आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात शेतीत राबणाऱ्या जपानी स्थलांतरितांविरुद्ध वातावरण तापले. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्यांची मुले वेगळ्या शाळेत बसवायचे ठरवले. १९१३ च्या कायद्याने त्यांना जमीन विकत घेता येईना. १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत जपानने वांशिक समतेचा ठराव मांडला. बहुमत बाजूने होते, पण एकमत नाही म्हणून अध्यक्ष विल्सन यांनी तो नामंजूर केला. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जपानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. मग १९२४ च्या कायद्याने जपानी स्थलांतराचे दारच बंद केले. इतर देशांसारखा कोटा दिला असता तर वर्षाला जेमतेम दीडशे माणसे आली असती. एवढ्याशा आकड्यासाठी हा अपमान झाला, हेच जपानमध्ये कोणी विसरले नाही.

या जखमेवर फुंकर घालायला पुढे आले सिडनी गुलिक. जपानमध्ये अनेक वर्षे मिशनरी म्हणून राहिलेले हे गृहस्थ. मोठ्यांची मने वळत नसतील तर मुलांपासून सुरुवात करू, असे त्यांनी ठरवले. अमेरिकेतल्या मुलांनी वर्गणी काढली, बाहुल्यांचे कपडे शिवले, प्रत्येकीला नाव, पत्र आणि चक्क पासपोर्ट दिला. १९२७ मध्ये ३ मार्चच्या हिनामात्सुरीसाठी, म्हणजे जपानी मुलींच्या बाहुल्यांच्या सणासाठी, निळ्या डोळ्यांच्या १२,००० हून अधिक बाहुल्या जपानला पोचल्या आणि देशभरातल्या शाळांना वाटल्या गेल्या. उद्योगपती शिबुसावा एइइची यांनी जपानची बाजू सांभाळली. परतभेट म्हणून जपानने किमोनो नेसवलेल्या ५८ देखण्या बाहुल्या अमेरिकेला पाठवल्या. भातुकलीत रमलेल्या कोणत्याही मुलीला हा सोहळा समजला असता.

कायदा मात्र बदलला नाही. जपानी लष्करही थांबले नाही. १९३१ मध्ये मांचुरिया, १९३७ पासून चीनभर युद्ध, मग इंडोचीन. अपमान खरा होता, पण चीनमधल्या कत्तलींचे ते समर्थन होऊ शकत नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने तेल तोडले. जपानचे बहुतेक तेल तिथूनच येत होते. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि २,४०३ अमेरिकी मेले.

त्यानंतर दोन्हीकडे शेजाऱ्याचा चेहरा दिसेनासा झाला. अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना तारेच्या कुंपणाआडच्या छावण्यांत डांबले. त्यांतले सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. त्या छावण्यांतूनही तरुण अमेरिकी सैन्यात भरती झाले. जपानमध्ये अमेरिकी आणि इंग्रज 'राक्षस आणि जनावरे' ठरले, आणि शाळाशाळांतल्या निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रूच्या हस्तक. कुठे त्या जाळल्या, कुठे मुलांच्या हाती बांबूचे भाले देऊन भोसकल्या. काही शिक्षकांनी जिवावर उदार होऊन त्या माळ्यावर, कपाटामागे दडवल्या. अशा सुमारे तीनशे बाहुल्या पुढे सापडल्या.

१९४५ च्या मार्चमध्ये अमेरिकी बॉम्बवर्षावात एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लाख माणसे जळाली. ऑगस्टमध्ये हिरोशिमा, नागासाकी.

यानंतर जे घडले त्याचे नवल वाटते. कालचा शत्रू राज्य करायला आला आणि रक्तपात झाला नाही. जमीनदारांची जमीन कुळांना मिळाली, बायकांना मत मिळाले, शाळेत मुलांना दुधाची भुकटी मिळाली. १९४७ च्या संविधानातले स्त्रीपुरुष समतेचे कलम लिहिणाऱ्या, मॅकआर्थर यांच्या कचेरीतल्या बेआते सिरोटा तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. पण मैत्री बरोबरीची नव्हती. १९५१ मध्ये शांतता करारावर सही झाली त्याच दिवशी सुरक्षा करारही झाला आणि अमेरिकी तळ राहिले. १९६० मध्ये त्या कराराविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरले, अध्यक्ष आयझेनहॉवर यांना दौरा रद्द करावा लागला. ओकिनावा परत मिळायला १९७२ उजाडले, आणि आजही जपानच्या ०.६ टक्के भूभागावर अमेरिकी तळांच्या सुमारे ७० टक्के जमिनीचा भार आहे. १९८० च्या दशकात भांडण मोटारींवरून पेटले आणि जुनी वांशिक भाषा डेट्रॉइट या अमेरिकेच्या मोटारनगरीत पुन्हा ऐकू आली. १९८८ मध्ये मात्र अमेरिकेने छावण्यांबद्दल माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

२७ मे २०१६ रोजी बराक ओबामा हिरोशिमात आले. पदावर असताना तिथे येणारे ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. भाषणानंतर त्यांनी एका वृद्धाला जवळ घेतले. त्यांचे नाव शिगेआकी मोरी. बॉम्ब पडला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. हिरोशिमात त्या दिवशी अमेरिकी युद्धकैदीही होते, हे कळल्यावर मोरींनी नोकरी सांभाळून कित्येक वर्षे कागदपत्रे धुंडाळली, बॉम्बला बळी पडलेल्या १२ जणांची नावे निश्चित केली आणि अमेरिकेतल्या त्यांच्या कुटुंबांना शोधून, आपला माणूस कुठे आणि कसा गेला, ते कळवले.