पार्श्वभूमी : ‘सिंथेटिक गांजा’ हे नाव आणि मेंदूतली खरी मोडतोड

पुण्यात शिकणारा मुलगा सेमिस्टर अर्धवट टाकून शिवाजी पेठेतल्या घरी परत आला. (हे कोल्हापूर.) रात्ररात्र झोप नाही, अंगाला घाम. भिंतीपलीकडून कोणीतरी हाक मारतंय म्हणून मध्येच उठून दार उघडायचा. त्याच्या बॅगेत सापडलेली चमकदार पुडी त्याच्या आईने, म्हणजे वहिनींनी, माझ्यापुढे ठेवली. आत वाळक्या पाल्याचा चुरा होता. वास गांजाचा नव्हता, नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा होता. पाकिटावर इंग्रजीत छापलं होतं, मानवी सेवनासाठी नाही. लघवी तपासून आणली होती, त्यात काहीही निघालं नव्हतं.

‘भावजी, गांजाच न्हवं ह्यो? आमच्या सासऱ्यांच्या भजनातलं बुवा चिलीम ओढायचं. त्यास्नी कवा असं झालं न्हाई.’

वहिनींचा प्रश्न बरोबर होता, चुकलं होतं ते नाव. पुडीतल्या पदार्थाचं खरं नाव सिंथेटिक कॅनाबिनॉइड; मराठी बातम्यांत त्याला सर्रास ‘सिंथेटिक गांजा’ म्हणतात, आणि ज्या घरात तो शिरतो तिथलं पहिलं नुकसान हे नावच करतं. गांजा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ओळखीच्या गोष्टीची भीती बेताची असते.

गांजा म्हणजे झाड. 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदाही झाडाचे भाग मोजतच बोलतो : फुलाफळांचे शेंडे म्हणजे गांजा, वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस; शेंड्यांशिवायची पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळलेल्या. म्हणून भांग आजही वेगळी राहिली. गांजाचं 1 किलोपर्यंतचं प्रमाण अल्प, 20 किलोंच्या वर व्यापारी. या सगळ्या हिशेबात पुडीतला पाला कुठेच बसत नाही, कारण नशा त्या पाल्यात नसतेच. कारखान्यात बनलेली पूड ॲसिटोनमध्ये विरघळवायची, ती कुठल्याही निरुपद्रवी वाळक्या पानांवर फवारायची आणि वाळवून पुड्या भरायच्या. पाला निव्वळ दिखाव्याचा. ही पूड ज्या रसायनाची असते तो रेणू कायद्याच्या कक्षेत येतो तो मनोप्रभावी द्रव्यांच्या यादीतून, तिथे रसायनाचं नाव लिहिलेलं असेल तर.

गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणारा ‘हायड्रो गांजा’ पकडला जातो, तो मातीविना, पाण्यावर वाढवलेला खराखुरा गांजा. फेब्रुवारी 2024 मध्ये कुरकुंभला आणि आपल्या शेजारी सांगलीच्या कुपवाडला जे सापडलं ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन, उत्तेजक जातीचं द्रव्य. बातमीत तिन्हींना ‘सिंथेटिक’ किंवा ‘नवा गांजा’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात एकच गोळा होतो. कोल्हापूरकराला हे थंडाईवरून लगेच कळावं. बाहेरगावच्या माणसाला थंडाई म्हटली की भांग आठवते. तालमीतला पोरगा मात्र कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घोटत बसलेला असतो. शब्द एक, वस्तू दोन. तिथे गैरसमजाने कुणाचं वाईट होत नाही. इथे होतं. डॉक्टर ‘गांजा’ ऐकून गांजाचीच तपासणी लिहितो. ती तपासणी गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याचे अवशेष शोधते, या रेणूंची रचना वेगळी असल्याने ते तिला दिसत नाहीत. रिपोर्ट कोरा येतो आणि घरचे म्हणतात, पोरगं खोटं बोलत नव्हतं.

नावाने केलेली अशी गल्लत जुनी आहे. 1893-94 मध्ये ब्रिटिश सरकारने भांग-गांजा-चरसाची देशभर चौकशी केली, सुमारे 1200 साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांत ‘वेडाचं कारण : गांजा’ अशा नोंदी ढिगाने होत्या. चौकशी करणाऱ्यांनी त्या एकेक करून तपासल्या तेव्हा कळलं, की बऱ्याच ठिकाणी तो रकाना नीट विचारपूस न करताच भरला होता. बेताच्या सेवनाने मनावर घातक परिणाम होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तो आजच्या तीव्र गांजाला लागू करता येणार नाही, पण रकाना भरण्याआधी विचारा हा त्यांचा धडा मला फार मोलाचा वाटतो.

पुढची गोष्ट प्रयोगशाळांतली. 1964 मध्ये इस्रायलमध्ये टीएचसी शुद्ध रूपात वेगळं करून त्याची रचना मांडली गेली. 1990 मध्ये मेंदूतल्या सीबी-1 या ग्राहीची, म्हणजे पेशीवर असं द्रव्य जिथे चिकटतं त्या जागेची, जनुकीय ओळख पटली. 1992 मध्ये त्या ग्राहीला चिकटणारं, शरीर स्वतःच बनवतं ते द्रव्य सापडलं आणि शोधणाऱ्यांनी त्याला आपल्या ‘आनंद’ शब्दावरून ॲनंडमाइड नाव दिलं. मग या ग्राहींचा अभ्यास करायला रेणू हवे होते. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनातल्या एका रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने असे शेकडो रेणू बनवले आणि त्यांची कृती रीतसर प्रसिद्ध केली. त्यातलाच एक जेडब्ल्यूएच-018. हेतू निर्मळ होता. पण छापलेली कृती कोणीही वाचू शकतं.

2004 च्या सुमारास युरोपात ‘स्पाइस’ नावाने हर्बल धुपाच्या पुड्या विकल्या जाऊ लागल्या. डिसेंबर 2008 मध्ये जर्मनीत त्या धुपात जेडब्ल्यूएच-018 सापडला, तोवर ग्राहक त्याला वनौषधी समजत होते. जानेवारी 2009 मध्ये तिथे बंदी आली, 2011 मध्ये अमेरिकेने असे 5 रेणू एकदम बंद केले, 2015 मध्ये जेडब्ल्यूएच-018 आंतरराष्ट्रीय यादीत गेला. प्रत्येक बंदीनंतर रेणूची एखादी शेपटी बदलून नवा माल येत राहिला, आणि पुष्कळदा तो आधीच्यापेक्षा जहाल असे. जुलै 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 33 माणसं एकाच दिवशी रस्त्यावर सुन्न, शून्य नजरेने उभी किंवा पडलेली आढळली. त्यांच्या पुडीतला रेणू टीएचसीच्या सुमारे 85 पट तीव्र होता. 2018 मध्ये इलिनॉयमध्ये अशाच मालात उंदीर मारायचं औषध मिसळलेलं निघालं. दीडशेहून अधिक लोक रक्तस्रावाने आजारी पडले, 4 गेले. 2021 मध्ये चीनने एकेक रेणू सोडून सगळा वर्गच बंद केला. त्यानंतरही 2024 मध्ये इंग्लंडमधल्या शाळांत जप्त केलेल्या व्हेप (ई-सिगारेटी) तपासल्या, तर साधारण सहातली एक स्पाइसची निघाली.

आता मेंदूकडे. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपल्याला दर पावसाळ्यात पाठ होतात. पाणी ठरल्या पातळीला चढलं की दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की आपोआप मिटतो. कोणी बटण दाबत नाही. ॲनंडमाइडचं काम बरंचसं असंच आहे. एखाद्या चेतापेशीवर संदेशांचा मारा वाढला की ती गरजेपुरतं हे द्रव्य बनवते, ते उलट्या दिशेने जाऊन पाठवणाऱ्या पेशीला ‘जरा दमानं’ सांगतं, आणि काम झालं की तिथल्या तिथे विरून जातं. गांजातलं टीएचसी हा दरवाजा अर्धवट उघडून धरतं. कितीही ओढलं तरी ते ग्राहीला पूर्ण ताकदीने चालवू शकत नाही. पुडीतले बहुतेक रेणू तो सताड उघडून त्यात पहार घालतात. जेडब्ल्यूएच-018 शरीरात मोडल्यावर त्याचे तुकडेसुद्धा ग्राहीला चिकटून काम करत राहतात. गांजातल्या सीबीडी या नशा न आणणाऱ्या द्रव्याचा थोडाफार उतारा असतो, तोही इथे नाही. शिवाय फवारणी सारखी बसत नसल्याने एकाच पुडीतली एक चिमूट सौम्य आणि दुसरी झटका आणणारी असू शकते.

महिनोन्‌महिने दरवाजा असा ताणून धरला की पेशी स्वतःला वाचवायला ग्राही आत ओढून घेते, त्यांची संख्या घटते. मग जुन्या मात्रेने भागत नाही. आणि पुडी बंद केली की आनंद देणारं घरचं द्रव्य असूनही त्याला बसायला जागा नसते : घाम, उलट्या, निद्रानाश, धडधड, काहींना फिट. रोज गांजा ओढणाऱ्यांत ही घटलेली संख्या साधारण 4 आठवडे थांबल्यावर बरीच भरून आल्याचं 2012 च्या मेंदूचित्रणात दिसलं. पुडीवाल्यांना तोच हिशेब लावून धीर देणं मला पटत नाही. त्यांच्या ग्राहींवरचा ताण फार वेगळा असतो.

सीबी-1 ग्राही दाट असतात ते स्मरणाच्या, निर्णयाच्या, भीतीच्या आणि तोल सांभाळणाऱ्या भागांत. दीर्घकाळ वापरणाऱ्यांच्या चाचण्यांत सर्वांत ठळक घसरण दिसते ती क्षणभर धरून ठेवायच्या स्मृतीत. आकडे एकामागून एक दाखवतात आणि विचारतात, दोन घरं मागे कोणता होता? गांजा ओढणाऱ्यांपेक्षाही हे लोक तिथे मागे पडतात. मेंदूचित्रणाच्या काही छोट्या अभ्यासांत करड्या द्रव्याचं, म्हणजे चेतापेशींच्या दाट थराचं, आकारमान कमी आढळलं. या लोकांनी दारू, तंबाखू आणि इतरही बरंच घेतलेलं असतं, त्यामुळे सगळा दोष एकाच पुडीवर टाकता येत नाही. पण उंदरांना दारू-तंबाखू नसते : वयात येताना असे रेणू दिलेले उंदीर मोठेपणीही स्मृतीत आणि नको ते आवाज गाळून टाकण्यात कच्चे राहिले, तर प्रौढ वयात दिलेल्यांत तसं टिकून राहिलं नाही. माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. भास आणि संशयाचे झटके या पुडीने गांजापेक्षा जास्त वेळा आणि जास्त जोरात येतात. ज्यांच्या घरात मानसिक आजार आहे त्यांच्यात तर ते लांबतात.

वहिनींना मी हे सगळं सांगितलं नाही. पुडी घेऊन मुलाबरोबर मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. तिथल्या केसपेपरवर आधीच्या दवाखान्याच्या चिठ्ठीवरून ‘गांजा’ उतरवला होता. डॉक्टरांनी पुडी हुंगली, मुलाला दहा मिनिटं शांतपणे विचारलं, शब्द खोडला आणि त्याजागी ‘सिंथेटिक कॅनाबिनॉइड, 14 महिने’ असं लिहिलं. औषधं बदलली. झोप तिसऱ्या आठवड्यात परत आली, हाका थांबल्या. दूध, हळद आणि कढीपत्ता आणायला पाठवलं, तर वहिनी अजून कागदावर लिहून देतात.