स्पोर्ट्‌स कारला मागे रुंद टायर बसवायचे आहेत? नाशिककरांसाठी नियम, पात्रता आणि कागदपत्रं

पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात ‘रुंद टायर बसवण्याची परवानगी’ असा वेगळा अर्ज नसतो. सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबतं: हे माप तुमच्या मॉडेलसाठी कंपनीनं मंजूर केलेलं आहे का? असेल तर गाडीत ‘बदल’ झाला असं धरलं जात नाही, फक्त पुरावा जवळ ठेवायचा. नसेल तर कुठलाही अर्ज ते टायर कायदेशीर करू शकत नाही. म्हणून टायरचे पैसे मोजण्याआधी कागद हातात घ्या.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. सीएनजी किटसारख्या गोष्टींना कायद्यात वाट ठेवलेली आहे, रुंद टायरला तशी वेगळी सवलत नाही.

खासगी गाडीच्या आरसी कार्डावर टायरचं माप छापलेलं नसतं. त्यामुळे ‘कुणाला कळतंय’ असं दुकानात सर्रास ऐकायला मिळतं. पण माप टायरच्या कडेवरच लिहिलेलं असतं आणि अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला ते वाचायला एक मिनिट पुरतं. क्लेम अडकला तर तो दुकानदार तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही.

कोणती गाडी बसते, कोणती नाही

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि मालकाची पुस्तिका, इथून सुरुवात करा. अनेक स्पोर्ट्‌स कारना मुळातच मागे रुंद टायर असतात, कारण इंजिनाची ताकद मागच्या चाकांतून रस्त्यावर उतरते. उदाहरणार्थ, ९९२ पिढीच्या पोर्शे ९११ कॅरेराला पुढे २३५/४० आर१९ आणि मागे २९५/३५ आर२० येतात (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, ‘आर’नंतरचा रिमचा व्यास इंचांत). त्याच मॉडेलमधल्या कॅरेरा एसला पुढे २४५/३५ आर२० आणि मागे ३०५/३० आर२१. कॅरेराच्या मालकाला दुसरा संच हवा असेल, तर तो आपल्या गाडीच्या वर्षासाठी मंजूर आहे असं कंपनीकडून लेखी घ्यावं आणि पुढची-मागची चाकं जोडीनंच बदलावीत. फक्त मागचं टायर रुंद करायचं, पुढचं तसंच ठेवायचं, हा प्रकार टाळा.

आकडेमोड करून बघा. २२५/४५ आर१७ टायरचा एकूण व्यास साधारण ६३४ मिलिमीटर. २५५/४० आर१७ घेतला तर ६३६, म्हणजे फरक नगण्य. पण ४५ चा आकडा तसाच ठेवून २६५/४५ आर१७ घेतला की व्यास ६७० वर जातो, जवळजवळ पावणेसहा टक्के जास्त. मग ज्या गाडीचा स्पीडोमीटर मागच्या चाकांवरून वेग मोजतो, तिचा काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी १०५-१०६ च्या वेगानं धावत असेल. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या व्यासाचं मूळ प्रमाण बिघडलं, तर भार थेट ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) येतो आणि तो खर्च टायरच्या कितीतरी पट असतो. अर्थात व्यास जुळला म्हणून माप मंजूर झालं असं नाही. २५५ च्या टायरला रिमही रुंद लागते, साडेसात इंची रिमवर तो कोंबून बसवू नये.

टायरवर मापाशेजारी छापलेला भार आणि वेगाचा निर्देशांकही मूळच्यापेक्षा कमी चालत नाही. ९१ व्ही म्हणजे ६१५ किलो आणि ताशी २४० किलोमीटर, ९४ वाय म्हणजे ६७० किलो आणि ३००. टायरवर आयएसआयची खूण आणि आयएस १५६३३ हा क्रमांक बघा. टायरच्या कडेवरच्या ‘डॉट’ कोडचे शेवटचे चार आकडे टायर कधी बनलं ते सांगतात; समजा २३२५, म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेलं टायर नियमात बसत नाही, आणि रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतं. कसारा घाटातल्या पावसात हे जिवावर बेतू शकतं.

कागदपत्रं

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे कंपनीचं किंवा अधिकृत सेवा केंद्राचं पत्र: चेसिस क्रमांक, मंजूर टायरचं माप, रिमची रुंदी आणि ऑफसेट (चाक गाडीच्या आत-बाहेर किती बसतं ते माप). तुमच्या कंपनीचं केंद्र नाशिकमध्ये नसेल तर मुंबई-पुण्याच्या केंद्राला आरसीची प्रत जोडून ई-मेल करा. तोंडी ‘चालेल’ला काही किंमत नाही. त्यासोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, टायर-रिमचं जीएसटी बिल आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती. विमा कंपनीला बदल आधीच लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या.

आरसीवरचा एखादा तपशील खरोखर बदलत असेल, उदाहरणार्थ रंग, तर परिवहन पोर्टलवर ‘अल्टरेशन ऑफ व्हेईकल’ सेवेतून अर्ज करून गाडी तपासणीला न्यावी लागते. अर्ज तुम्ही राहता त्या हद्दीच्या कार्यालयात जातो. नाशिक शहर एमएच-१५ मध्ये, मालेगावकरांचं एमएच-४१ वेगळं. आधी जुनी ई-चलनं भरून टाका.

बसवताना आणि नंतर

बिल देण्याआधी मागच्या सीटवर दोन माणसं बसवा आणि टायर व चाकाच्या कमानीमध्ये बोट फिरवून बघा. आतल्या बाजूला ब्रेकची नळी आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरपर्यंत मोकळी जागा हवी. टायर बॉडीच्या बाहेर डोकावता कामा नये. जागा करण्यासाठी स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावून देतो म्हणाले तर नको म्हणा, तो आणखी एक बदल ठरतो. साधारण शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचनं तपासून घ्या.

मुंबईहून वापरलेली स्पोर्ट्‌स कार आणत असाल, तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करण्याआधी टायरचं माप दारावरच्या स्टिकरशी ताडून बघा. जुळत नसेल तर विकणाऱ्याकडून मूळ मापाची चाकं मागून घ्या. गाडी तुमच्या नावावर झाली की जबाबदारीही तुमचीच.